आजी, माशिमा विचारतायत...

परप्रांतात वाढणारी मराठी मुले घरातल्या मोठ्यांचे दुभाषी होतात. कोलकात्यातलेच उदाहरण घ्या. शेजारच्या माशिमा दारातून विचारतात, ‘आपनि देशे कोबे जाबेन?’ आजीला बंगाली कळत नाही. नातू सांगतो, ‘आजी, तू गावाला कधी जाणार, म्हणून माशिमा विचारतायत.’

माशिमांनी आजीला ‘आपनि’ म्हणजे ‘आपण’ म्हटले होते. नातवाने त्याचे ‘तू’ केले, तरी आजीला राग येत नाही. कारण मराठी घरात नातू आजीला ‘तू’च म्हणतो. उलट तिने मुलाला विचारलेले ‘तू कधी येणार?’ नातू ‘बाबा, तुम्ही कधी येणार, म्हणून आजी विचारतेय,’ असे पोचवतो. प्रश्न एकाचा, पण त्यातला मान सांगणाऱ्याच्या नात्याने ठरतो.

बंगालीत आणखी एक मेख आहे. ‘कोबे जाबेन?’ एवढेच विचारले, तर ‘आपण कधी जाणार?’ आणि ‘ते कधी जाणार?’ असे दोन्ही अर्थ होतात. आदरार्थी क्रियापदाचे रूप दोन्हीकडे एकच! प्रश्न आजीचा की आजोबांचा, हे निरोप्याने ओळखायचे. मात्र ‘येणार की नाही’ला बंगालीतही ‘आश्बेन कि ना’ आहे. ‘तो येणार म्हणून ऐकलं’ हे बंगाली माणूस ‘ओ आश्बे बोले शुनेछि’ असे म्हणतो. आपले ‘म्हणून’ म्हणण्यातून आले, तसे त्यांचे ‘बोले’ बोलण्यातून.

या दोन भाषा शेजारी बसवून शिकवण्याची कोलकात्याची परंपरा जुनी आहे. १८०० साली स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम केरी कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत. सामान्यांच्या बोलीतले संवाद असलेले त्यांचे बंगाली ‘कथोपकथन’ १८०१ मध्ये निघाले. वैजनाथ पंडितांच्या मदतीने केलेले मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी कोश १८१० मध्ये श्रीरामपूरला छापला गेला.

दूरच्या कोरियन भाषेने हाच पेच फार नेटका सोडवला आहे. दुसऱ्याचे बोलणे सांगताना तिथे क्रियापदाला ठरावीक शेपूट लागते: विधानाला ‘दागो’, प्रश्नाला ‘न्यागो’, आज्ञेला ‘रागो’ आणि ‘चला, करू या’ अशा सुचवण्याला ‘जागो’. ऐकणाऱ्याला प्रश्न आहे की हुकूम, हे शेपटावरूनच समजते. कोरियनमध्ये समोरच्याच्या मानाप्रमाणे वाक्याचा शेवट बदलतो. पण मूळ प्रश्न अदबीने विचारलेला असो वा सलगीने, सांगताना तो शेवट गळून ‘न्यागो’च लागतो. समोरच्याशी अदब राखायची ती ‘विचारतात’ या अखेरच्या क्रियापदात. ज्याच्याविषयी प्रश्न आहे तो आदरणीय असेल, तर त्याच्या मानाचा ‘शि’ मात्र मूळ क्रियापदात टिकतो.

थोडक्यात, प्रश्न शब्दशः पोचवणे म्हणजे तो नीट पोचवणे नव्हे. नुसते ‘कधी जाणार?’ सांगितले, तर ‘आम्ही जायची वाट बघतायत की काय,’ असे आजीला वाटायचे. ‘माशिमा विचारतायत, जाण्याआधी एकदा जेवायला याल का म्हणून,’ असे पुढचेही सांगितले, की शेजार टिकतो. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांना शब्दांबरोबर हेही शिकवायला हवे: प्रश्न कोणाचा, कोणाला आणि कशासाठी.