टाचेचे रक्त आणि रेणूंचे वजन

बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे काही थेंब कागदावर वाळवून तपासले, की चयापचयाचे अनेक विकार एकाच वेळी चाळून पाहता येतात. शेजारच्या गोव्याने २००८ मध्ये सरकारी रुग्णालयांत ही तपासणी सुरू केली. वालावल-कुडाळहून बांबोळीला उपचारांसाठी जाणाऱ्यांपैकी काहींनी तिच्याविषयी ऐकले असेल. या तपासणीत चक्क रेणूंचे वजन होते. ते कसे, हे समजून घेऊ.

वजन करणाऱ्या यंत्राला मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. ज्यांच्यावर विद्युतभार आहे आणि जे मोकळे उडू शकतात, असेच कण त्याला मोजता येतात. रक्तातील अमिनो आम्लांची वाफ करायला ती तापवावीत, तर साखरेसारखी करपतात. यावर तोडगा निघाला तो फवाऱ्याचा.

कागदाचा छोटा तुकडा मिथेनॉलमध्ये भिजवून त्याचा अर्क काढतात आणि तो केसासारख्या बारीक नळीतून सोडतात. नळीला काही हजार व्होल्टचा दाब दिलेला असतो. त्यामुळे टोकाशी द्रवाचा सुळका होतो आणि त्यातून भारित थेंबांचे धुके निघते. गरम नायट्रोजनमुळे थेंब सुकू लागतात. द्रव उडून जातो, भार मात्र मागे राहतो. आटत्या डबक्यात मासे दाटावेत तसे हे भार दाटतात, एकमेकांना दूर ढकलतात आणि शेवटी थेंब फुटतो. थेंब किती भार सोसेल, हे लॉर्ड रॅले यांनी १८८२ मध्येच गणिताने मांडले होते. थेंबाचे थेंब होत अखेर रेणू न मोडता, भार घेऊन मोकळा होतो आणि यंत्रात ओढला जातो. या पद्धतीने प्रथिनांसारखे अवजड रेणूही मोजता येऊ लागले. त्यासाठी जॉन फेन यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

फेनिलअॅलनिन हे अमिनो आम्ल १६५ वजनाचे. त्यावर एक प्रोटॉन बसला की यंत्राला १६६ दिसते. ते प्रमाणाबाहेर आढळले, तर फिनाइलकीटोन्यूरियाची शंका येते. असे बाळ जन्मतः निरोगी दिसते, पण उपचार न मिळाल्यास मेंदूला कायमची इजा होते. पहिल्या काही आठवड्यांतच खास आहार सुरू झाला, तर ती टाळता येते.

नमुना बाळ २४ तासांचे झाल्यावर, शक्यतो ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घेतात. चाळणीत दोष दिसला म्हणजे आजार ठरला, असे नाही. मात्र पुन्हा बोलावले, तर बारसे होऊ दे म्हणून थांबू नका, लगेच जा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंगावरचे दूधही तोडू नका.