कणांच्या झोताचा फोटो कसा काढतात?

फ्यूजनसाठी प्लाझ्मा कोट्यवधी अंशांपर्यंत तापवण्याचा एक मार्ग म्हणजे त्यात वेगवान अणूंचा झोत सोडणं. फ्रान्समधल्या ‘ईटर’ या फ्यूजन प्रकल्पासाठी अशा झोताच्या स्रोताच्या चाचण्या इटलीतल्या पादुआ शहरात चालतात. तिथलं ‘स्पायडर’ हे यंत्र २०१८ मध्ये सुरू झालं. त्याच्या जाळ्यांना १२८० छिद्रं आहेत आणि प्रत्येकातून ऋणभारित हायड्रोजनचा एक बारीक झोत निघतो. हे सगळे झोत जवळपास सारख्या ताकदीचे हवेत. चढउतार १० टक्क्यांच्या आत.

हे तपासायचं कसं? कॅमेऱ्यांनी!

🔴 दृश्य प्रकाश: झोतातले कण वाटेतल्या विरळ वायूवर आदळले की ६५६ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश निघतो. चहूबाजूंनी लावलेले कॅमेरे तो टिपतात आणि सीटी स्कॅनसारखं गणित करून झोताचा आडवा छेद उभा करतात.

🔥 उष्णता: थोड्या वेळासाठी झोतासमोर कार्बन तंतूंच्या फरशा धरतात. तंतू जाडीच्या दिशेनं असल्यामुळे उष्णतेचा ठसा फारसा न पसरता मागच्या बाजूला उमटतो. इन्फ्रारेड कॅमेरा तो मागूनच वाचतो, त्यामुळे कोणता झोत कमजोर आहे, कोणता तिरका जातोय, हे कळतं.

आणि हे आवर्जून सांगायलाच हवं: स्पायडरचा १०० किलोव्होल्टचा वीजपुरवठा आणि झोत झेलणारा बीम डंप भारताने दिला आहे. गांधीनगरजवळची ‘ईटर-इंडिया’ ही संस्था ईटरचा निदान-झोतही (प्लाझ्मा तपासण्यासाठीचा झोत) घडवतेय. विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीपर्यंत हे पोहोचवा!

#फ्यूजन #प्लाझ्मा #विज्ञान