टोयोटा २जेझेड-जीटीई इंजिनाची शक्तिवृद्धी

टोयोटा २जेझेड-जीटीई हे जपानमधील टोयोटा कंपनीचे सहा सिलिंडरांचे, टर्बोचार्जर असलेले पेट्रोल इंजिन आहे. १९९१ साली ते अरिस्टो या मोटारीत आणि १९९३ साली सुप्रा या मोटारीच्या चौथ्या पिढीत बसवण्यात आले. जपानी बाजारपेठेत त्याची शक्ती २८० अश्वशक्ती अशी नोंदवली जाई, तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या सुप्रामध्ये ती ३२० अश्वशक्ती होती. जपानी मोटार उत्पादकांनी आपसांत २८० अश्वशक्तीची मर्यादा स्वेच्छेने पाळली होती, त्यामुळे हा आकडा इंजिनाच्या खऱ्या कुवतीचा निदर्शक नव्हता. मूळ क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन न बदलता याच इंजिनापासून ६०० वा त्याहून अधिक अश्वशक्ती मिळवल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. त्याचबरोबर पिस्टन वितळून निकामी झालेल्या इंजिनांचीही वाण नाही. या दोहोंमधील फरक सुट्या भागांच्या किमतीपेक्षा कामाच्या क्रमावर अधिक अवलंबून असतो.

मूळ रचना

इंजिनाची धारणक्षमता २९९७ घन सेंटिमीटर असून सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव दोन्ही ८६ मिलिमीटर आहेत. ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे. तो जड असला तरी ज्वलनाच्या वाढीव दाबाखाली सहसा विकृत होत नाही. क्रँकशाफ्टला सात बेअरिंगांचा आधार आहे आणि पिस्टनच्या तळावर तेलाचा फवारा सोडून तो थंड ठेवण्याची सोय आहे. संपीडन गुणोत्तर ८.५:१ इतके कमी ठेवलेले आहे. दोन टर्बोचार्जर क्रमाने काम करतात. कमी वेगात एक आणि वेग वाढल्यावर दुसरा त्याच्या जोडीला येतो. जपानी मोटारींतील टर्बोची चाती सिरॅमिकची होती. ती हलकी असल्याने चटकन गती घेतात, परंतु मूळ मर्यादेपलीकडच्या दाबावर फुटण्याची भीती असते. निर्यातीच्या मोटारींत पोलादी चाती आणि मोठे इंजेक्टर होते. त्यामुळे 'इंजिन तेच आहे' या समजुतीवर विसंबून एका मोटारीचे आकडे दुसरीला लावणे धोक्याचे ठरते.

दाब आणि उष्णता

इंजिनाची शक्ती जळणाऱ्या इंधनावर आणि ते जाळण्यासाठी मिळणाऱ्या हवेच्या वस्तुमानावर ठरते. टर्बोचार्जर निष्कास वायूंच्या जोरावर हवा दाबून आत ढकलतो. वातावरणाच्या दाबाहून अधिक असलेल्या या दाबाला बूस्ट म्हणतात. बूस्ट वाढवणे हा सर्वांत सोपा उपाय दिसतो; एक लहान नळी किंवा झडप बदलून तो साधता येतो आणि हीच त्याची मोठी अडचण आहे.

हवा दाबली की ती तापते. ३० अंश सेल्सियसची हवा १.२ बार बूस्टपर्यंत, म्हणजे एकूण २.२ पट दाबली, तर आदर्श स्थितीतही तिचे तापमान सुमारे १०६ अंश होते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास ते १४० अंशांच्या आसपास जाते. तप्त हवा विरळ असल्याने दाब वाढूनही अपेक्षित हवा आत जात नाही आणि ज्वलनकक्षाचे तापमान मात्र चढते. म्हणून बूस्टला हात लावण्यापूर्वी मोठा इंटरकूलर आणि मोकळी निष्कासनलिका बसवणे श्रेयस्कर असते.

अतितप्त मिश्रणाचा उरलेला भाग ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेटला, तर सिलिंडरमध्ये दाबलाटा उठतात. यालाच नॉकिंग म्हणतात. या लाटा पिस्टनवरील वायूचा संरक्षक थर उडवून लावतात, धातू थेट तापतो, रिंगांमधील कड तुटते किंवा पिस्टनला भोक पडते. मोठ्या आवाजाच्या मोटारीत चालकाला ही टकटक ऐकूच येत नाही. बहुतेक इंजिने याच कारणाने जातात. मजबूत ब्लॉक येथे उपयोगी पडत नाही.

इंधन आणि प्रज्वलन

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते. पूर्ण बूस्टवर मात्र मिश्रण साधारण ११ ते १२ भाग हवेपर्यंत गडद ठेवतात, कारण जादा इंधन बाष्पीभवनातून उष्णता शोषून घेते. ६००० फेऱ्यांच्या वेगात एका सिलिंडरच्या चार धावांना अवघे २० मिलिसेकंद मिळतात. इंजेक्टर त्यांपैकी १७ मिलिसेकंद, म्हणजे ८५ टक्के काळ उघडा राहू लागला की त्याची मर्यादा आली असे मानतात. मिनिटाला ५५० घन सेंटिमीटर इंधन देणारे सहा इंजेक्टर या हिशेबाने सुमारे ४०० अश्वशक्तीपर्यंत पुरतात. त्यापुढे मोठे इंजेक्टर, मोठा पंप आणि त्यांना अनुरूप नियंत्रक संगणक यांना पर्याय नाही.

बूस्ट वाढला की ठिणगी उशिरा द्यावी लागते. दाबाखाली ठिणगी विझू नये म्हणून स्पार्क प्लगमधील अंतर साधारण ०.७ मिलिमीटरपर्यंत कमी करतात आणि अधिक थंड प्रतीचे प्लग वापरतात. मूळ संगणक बूस्ट ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यास इंधन तोडतो. अनेक मालक या संरक्षणाला दोष समजून उपकरण लावून ते निष्प्रभ करतात. इंधनव्यवस्था सुधारण्यापूर्वी असे करणे म्हणजे वितळतार काढून तेथे जाड तार जोडण्यासारखे आहे.

टॉर्कचे गणित

५०० अश्वशक्ती ६५०० फेऱ्यांवर घेतली तर टॉर्क सुमारे ५४० न्यूटन-मीटर लागतो. तीच शक्ती ४५०० फेऱ्यांवर घ्यायची तर तो ७८० न्यूटन-मीटर होतो. कमी वेगातील प्रचंड टॉर्क कनेक्टिंग रॉड वाकवतो आणि क्लच घसरवतो. उलट, अतिवेगात जडत्वाचा भार फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो व रॉडचे बोल्ट ताणले जातात. जाणकार यांचा मध्य साधण्यासाठी मधल्या वेगात बूस्ट मुद्दाम आवरून धरतात.

कामाचा क्रम

प्रथम सहाही सिलिंडरांचे संपीडन आणि गळती मोजली जाते. थकलेल्या इंजिनावर पुढचा खर्च व्यर्थ आहे. त्यानंतर रुंदपट्टी ऑक्सिजन संवेदक, बूस्ट व तेलदाब यांचे मापक बसवतात. मग इंधन, शीतन आणि नियंत्रण सुधारून बूस्ट सर्वांत शेवटी, डायनोवर ०.१ बारच्या टप्प्यांनी वाढवतात. प्रत्येक टप्प्यावर नोंदी तपासतात आणि नॉकिंगची चाहूल लागताच मागे येतात. शक्ती वाढेनाशी झाली आणि तापमान मात्र वाढत राहिले, तर टर्बोची मर्यादा आलेली असते.

ब्रेक, टायर आणि गिअरबॉक्स यांचा विचार याच वेळी करावा लागतो. सुप्राचा गेट्राग बनावटीचा सहा गतींचा गिअरबॉक्स दणकट म्हणून ख्यात आहे. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही.