सातबाऱ्यावरचे दिवंगत नाव

आमच्या नात्यातील एका घराची हकीकत प्रथम सांगतो. आजोबांना जाऊन चाळीस वर्षे लोटली होती. तीन मुलगे, दोन मुली आणि त्यांची मुलेबाळे असा मोठा विस्तार झाला होता. जमीन मात्र अद्याप आजोबांच्याच नावावर होती. त्यावाचून कोणाचे काही अडलेही नव्हते. धाकटे काका शेत कसत, बाकीचे नोकरीनिमित्त पांगलेले, आणि सुगी झाली की ज्याच्या त्याच्या घरी ज्वारीचे पोते पोहोचत असे. पुढे शेताच्या कडेने जाणारा रस्ता रुंद करावयाचे ठरले आणि भूसंपादनाची नोटीस आली. ती अर्थातच आजोबांच्या नावाने. मोबदला घ्यावयास मंडळी गेली तेव्हा एकोणीस वारसांची यादी करावी लागली. त्यांतील एक बडोद्यास, एक हुबळीस. थोरल्या आत्या वारल्या होत्या, पण त्यांच्या मृत्यूचा दाखला कोणी काढून ठेवला नव्हता. रक्कम अडकली ती अडकलीच. पण त्याहून वाईट असे की, ज्या घरात चाळीस वर्षे आवाज चढला नव्हता तेथे ‘आत्यांच्या मुलांचा यात काय संबंध?’ एवढ्या एका वाक्यावरून बोलणे बंद झाले.

वाचकहो, आपणांपैकी अनेकांच्या घरी असा एखादा सातबारा असेल. घरात मृत्यू झाल्यावर पहिले दिवस दुःखाचे आणि विधींचे असतात. कागदांचा विषय त्या वेळी काढणे अनेकांना अप्रशस्त वाटते, आणि ते स्वाभाविकच आहे. तथापि कायद्याने ठरविलेल्या काही मुदती त्याच दिवसांत चालू होतात. म्हणून घरातील एकाने तरी, बाकीच्यांच्या संमतीने, हे काम अंगावर घ्यावे.

पहिला कागद मृत्यूच्या दाखल्याचा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यान्वये मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होते. पुढे लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून नोंद होत नाही. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्याव्यात. आधार कार्डावर, सातबाऱ्यावर आणि दाखल्यावर नाव एकसारखे आहे की नाही, हेही तेथल्या तेथे पाहावे. ‘पांडुरंग’ आणि ‘पांडूरंग’ एवढ्या फरकावरून लोकांनी हेलपाटे घातल्याचे मी पाहिले आहे.

दुसरे काम वारस नोंदीचे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १४९ प्रमाणे, वारसाहक्काने जमीन ज्याच्याकडे आली त्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास तसे कळवावयाचे असते. (तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, गावाच्या तोंडी अजून तलाठीच आहे.) हे तोंडी कळविले तरी चालते, असे कायदा म्हणतो. तरी आपण लेखीच द्यावे आणि पोच घ्यावी. ती पोच देणे तलाठ्याचे कर्तव्य आहे; ती मागण्यात उद्धटपणा नाही. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सातबारा व आठ-अ यांचे उतारे, आणि सर्व वारसांची नावे, वये, पत्ते व मयताशी नाते सांगणारे प्रतिज्ञापत्र जोडावे. मृत्युपत्र असल्यास तेही द्यावे. वारसांत वाद नसेल तर या नोंदीसाठी न्यायालयाचा वारस दाखला सहसा लागत नाही. अर्ज संगणकावरूनही करता येतो. जमीन दोन-तीन गावांत असेल तर प्रत्येक गावासाठी निराळा अर्ज करावयाचा हे विसरू नये. माहेरच्या गावची अर्धा एकर नेमकी अशीच राहून जाते.

पुढे प्रकरण कसे चालते तेही समजून घ्यावे, म्हणजे कोणी ‘आज या, उद्या या’ म्हटले तर नेमके काय विचारावे हे आपणांस कळेल. वारसांची नावे प्रथम गाव नमुना सहा-क या वारस नोंदवहीत येतात. गावात चौकशी होते. मग नमुना सहामध्ये फेरफार लिहिला जातो, त्याची प्रत चावडीवर लागते, हितसंबंधितांना नोटिसा जातात, आणि हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि नवी नावे सातबाऱ्यावर चढतात. हरकत आली तर प्रकरण वादग्रस्त नोंदवहीत जाते व त्याची सुनावणी होते.

आता कळीचा मुद्दा: नावे कोणाची? वडील गेले की मुलांची नावे लागली, संपले काम, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. कायदा तसे म्हणत नाही. हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार पहिल्या वर्गातील वारसांत विधवा पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई हे सारे बरोबरीने येतात. समजा, एक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली आणि वृद्ध आई आहे. त्यांच्या स्वकष्टार्जित जमिनीचे पाच सारखे हिस्से होतील. जमीन वडिलोपार्जित असेल तर आधी त्यांचा स्वतःचा हिस्सा ठरतो आणि त्या हिश्श्याला हा नियम लागतो. आईचे नाव यादीत बहुधा राहूनच जाते. मुलगा गमावलेली ती म्हातारी कोपऱ्यात बसलेली असते, आणि तिचाही हिस्सा आहे हे कोणाच्या ध्यानी येत नाही. तिच्याही येत नाही. मयताचे वडील मात्र या पहिल्या वर्गात नाहीत, याचे पुष्कळांना नवल वाटते.

मुलींविषयी तर शंकेला जागाच उरलेली नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी मुलाप्रमाणेच जन्मतः हक्कदार झाली. आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. लग्न झाले, हुंडा दिला, माहेरपण केले, म्हणून वारसा संपत नाही. बहिणींनी आपला हिस्सा भावास द्यावयाचे ठरविले तर त्या खुशीने देऊ शकतात. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे लागते. परंतु आधी सर्वांची नावे सातबाऱ्यावर लागू द्यावीत; हक्क सोडण्याची गोष्ट नंतर. दिवसकार्यास आलेल्या बहिणीपुढे ‘इथे सही कर, नुसती औपचारिकता आहे’ म्हणून कागद ठेवणारा भाऊ आपल्या घरी नसावा, आणि वाचणाऱ्या बहिणीने कोणताही कागद पूर्ण वाचल्याविना स्वाक्षरी करू नये. नको असलेला हिस्सा पुढे केव्हाही सोडता येतो. एकदा सोडलेला परत मिळविताना मात्र न्यायालयाची पायरी चढावी लागते.

अज्ञान मुले वारस असतील तर त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचे नाव लागते. मुलांचा हिस्सा आईलादेखील न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. मुले सज्ञान झाल्यावर हा शेरा अर्ज देऊन काढून घ्यावा. आणि हेही ध्यानात असावे की, फेरफार ही महसुली नोंद आहे. ती मालकी निर्माण करीत नाही. एखाद्याचे नाव चुकून राहिले म्हणून त्याचा हक्क बुडत नाही. पण नोंदीच्या अभावी त्याला तो सिद्ध करीत बसावे लागते.

आता सरकारी साहाय्याकडे वळू. पंतप्रधान किसान सन्मान निधीतून पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनी मिळतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधीतून तेवढीच भर घालण्याचे ठरविले. लाभार्थी वारल्यावर हे हप्ते वारसाकडे आपोआप जात नाहीत. मयताच्या मृत्यूची माहिती देऊन त्यांची नोंद थांबवावयाची आणि वारसाने स्वतःच्या नावे नव्याने नोंदणी करावयाची, अशी रीत आहे. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आलेल्यांना या योजनेत सामान्यतः प्रवेश नाही. परंतु खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाने आलेली जमीन यास अपवाद आहे. अर्थात त्यासाठी आधी फेरफार हवा. ‘बाबांचा मोबाईल घरात आहे, पैसे येताहेत, तर येऊ द्यात’ हा विचार मोहाचा आहे. त्या रकमा वसूल होतात, आणि ज्या विधवेचा स्वतःचा अर्ज सहज मंजूर झाला असता, तिच्याच मागे परताव्याची नोटीस लागते.

मयताचे बँकेचे पुस्तक अवश्य उघडून पाहावे. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये वा २० रुपये वजा झालेले दिसतात काय? पहिली रक्कम प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची. कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी तीत दोन लाख रुपये असतात. दुसरी सुरक्षा विम्याची; तीत अपघाती मृत्यूस दोन लाख. कित्येक घरांत हा विमा उतरविलेला आहे हेच माहीत नसते. मृत्यूनंतर शक्य तितक्या लवकर बँकेत दावा दाखल करावा.

मृत्यू अपघाताने, म्हणजे सर्पदंशाने, वीज पडून, विजेच्या धक्क्याने किंवा विहिरीत बुडून झाला असेल, तर महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख रुपयांची तरतूद आहे. १० ते ७५ वर्षे वयाच्या खातेदारास व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यास ती लागू होते. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत जावयास हवा. येथे एक कठोर गोष्ट सांगणे भाग आहे. ‘आता देहाची विटंबना नको’ म्हणून शवविच्छेदन टाळले जाते, पोलिसांना कळविले जात नाही, आणि मग अपघात सिद्ध करावयास पंचनामाही नसतो व अहवालही नसतो. त्या घटकेला शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कोणी शहाण्या माणसाने एवढे सुचविले तरी त्या घरावर मोठे उपकार होतील.

राहिले कर्ज. सोसायटीचे पीककर्ज मृत्यूने माफ होत नाही. पण वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. सचिवाकडून येणे-बाकीचा लेखी उतारा घ्यावा. ठेवीवर किंवा भागावर ज्याचे नाव वारसदार म्हणून लावलेले असते, त्याच्या हाती रक्कम येते. तेवढ्याने तो सर्व रकमेचा धनी होत नाही. साखर कारखान्याचा भाग, उसाची नोंद, पंपाची वीजजोडणी आणि हल्ली योजनांसाठी मागितला जाणारा शेतकरी ओळख क्रमांक, ही कामे नवा सातबारा हाती आला की ओघाने करून टाकावीत.

महाराष्ट्राबाहेरील वाचकांना हेच काम निराळ्या नावाने भेटेल. गुजरातेत ‘वारसाई’, मध्यप्रदेशात ‘नामांतरण’, उत्तरेकडे ‘विरासत’ वा ‘दाखिल-खारिज’. कर्नाटकात सातबाऱ्याऐवजी ‘पहाणी’. मुदती राज्यागणिक वेगळ्या, आणि काही राज्यांच्या जमीन कायद्यांत वारसांचा क्रमही वेगळा आहे. तहसील कचेरीत तो विचारून घ्यावा. मुस्लिम, ख्रिस्ती व पारशी कुटुंबांना त्यांचे त्यांचे वारसा कायदे लागू होतात.

फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून घरी सर्वांसमक्ष वाचावा. एखादे नाव गळले असेल, क्षेत्राचा आकडा चुकला असेल, किंवा ‘सौ.’ असा जुना उल्लेख तसाच राहिला असेल, तर संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करून मिळतो. त्यासाठीचा अर्ज तहसीलदारांकडे करावा, आणि त्याचीही पोच घ्यावी.