गळास लागण्यापूर्वीं

श्रोतेहो, गेल्या महिन्यांत येथें अहिल्यानगरांत मला एक ई-पत्र आलें. वर माझ्या बँकेची मुद्रा. खालीं मजकूर : 'आज सायंकाळपर्यंत माहिती न भरल्यास खातें बंद होईल.' निवृत्तिवेतनाचें खातें तें! बोट दुव्यावर टेकणार, तोंच शाळामास्तराची जुनी खोड जागी झाली. पत्राआधीं पत्ता वाचला. नांव बँकेचें, पत्ता भलत्याच कोणाचा!

घाई हेंच या गळाचें आमिष. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या आदेशाप्रमाणें बँकांच्या संकेतस्थळाचें नांव 'डॉट बँक डॉट इन' असें संपावें. त्यापुढें टिंब देऊन दुसरें नांव जोडलेलें असेल, तर दुवा खोटा समजावा. प्रेषकाचा पत्ताही बनावट करतां येतो. म्हणून संशय येतांच दुव्यास न शिवतां शाखेंत स्वतः विचारावें.

आणि चुकून माहिती दिलीच, तर? लाजून गप्प बसूं नये. तत्काळ बँकेस कळवावें व १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. २०१७ सालीं रिझर्व्ह बँकेनें ठरविलें कीं, ग्राहकाच्या हयगयीनें गेलेल्या रकमेचा भार बँकेस कळवीपर्यंत ग्राहकावर. त्यानंतरच्या हानीचा बँकेवर. लाजेंत घालविलेली घटका आपल्याच खिशास भोंवते.