चमकणारे कण, विकरांचा माग

◆ यवतमाळची जखम : २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

◆ विष काय करते? ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके मज्जासंस्थेला आवश्यक असलेले कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) निकामी करतात. काही रुग्णांच्या स्वादुपिंडाला सूज येते. रक्तात अमायलेज, लायपेज ही पाचक विकरे वाढतात.

◆ विकरे मोजणारा सेन्सर कसा चालतो? सोन्याच्या मोजक्या अणूंचा पुंजका प्रथिनाच्या वेष्टनात बसवला, की अतिनील प्रकाशात तो लाल चमकतो. ट्रिप्सिन हे स्वादुपिंडाचेच आणखी एक पाचक विकर ते वेष्टन पचवते आणि चमक मंदावते. ती किती मंदावली, यावरून विकराचे प्रमाण कळते. चमकत्या नॅनोकणांच्या साह्याने कोलिनेस्टरेजचीही क्रियाशीलता मोजता येते.

◆ आकार : हे कण नॅनोमीटरमध्ये मोजतात; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

◆ आजची स्थिती : हे सेन्सर अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहेत. गावपातळीवरच्या दवाखान्यासाठी स्वस्त चाचणीपट्टी तयार होणे, ही खरी गरज आहे.

◆ लक्षात ठेवा : फवारणीनंतर मळमळ, भरपूर घाम, लाळ सुटणे किंवा अंधुक दिसणे जाणवले, तर थांबू नका. तातडीने रुग्णालय गाठा आणि औषधाच्या डब्यावरचे लेबल डॉक्टरांना दाखवा.