सेपियाचा तपकिरी रंग येतो कुठून?

मंडळी, सेपिया म्हणजे प्रिंटवर चढवलेला रंग, असा एक समज आहे. तसं नाही. आपण प्रिंटमधली चांदीच बदलतो. चांदीचे पैंजण काळे पडतात ना, तेव्हा जे सिल्व्हर सल्फाइड तयार होतं, तेच इथेही होतं. कागदावर त्याचे कण अतिशय बारीक असतात, म्हणून ते तपकिरी दिसतं.

पहिल्या ट्रेमध्ये पोटॅशियम फेरिसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइड. चांदीचं सिल्व्हर ब्रोमाइड होतं आणि चित्र फिकट पडतं. घाबरायचं नाही. प्रिंट धुवून थायोयुरिया आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात घातली, की चित्र परत उमटतं. हायड्रॉक्साइड वाढवलं तर छटा गडद, कमी केलं तर पिवळसर. हातमोजे मात्र हवेतच.

खरी गोम आहे ती त्याआधीच्या धुण्यात. कागदात हायपो राहिला, तर फेरिसायनाइडच्या जोडीने तो चांदी विरघळवून नेतो. आधी जातात ते ढगांतले, चेहऱ्यावरचे हलके करडे भाग, आणि गेलेले परत येत नाहीत. म्हणून धुण्यात घाई नको. नीट झालेली सेपिया प्रिंट साध्या प्रिंटपेक्षा जास्त टिकते, कारण हवेतलं गंधक पुढे जे करणार, ते आपण आधीच करून ठेवलेलं असतं.